बॉक्स म्हणजे पेटीच की!

ऑफिसमधली एक मैत्रीण एकदा जेवताना म्हणाली की तिचे वडील बॉक्स वाजवायचे. मी मान डोलावली. मनात म्हटलं असेल बाई, आपल्याकडे घागर घुमवतात, ताट वाजवतात, इथले लोक डबा वाजवत असतील. दोन दिवसांनी तिने फोनवर वडिलांचा जुना फोटो दाखवला तेव्हा कळलं की बॉक्स म्हणजे अकॉर्डियन, आणि तेही पियानोसारख्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं नाही, बटणांचं. आयर्लंडमध्ये सगळे त्याला बॉक्सच म्हणतात, आणि वाजवणारा तो बॉक्स प्लेयर. म्हणजे पेटीच की! आपण नाही का हार्मोनियमला पेटी म्हणत. इतकी वर्षं इथे राहून कुठल्याच गोष्टीचं नाव असं घरच्यासारखं वाटलं नव्हतं.

तर ह्या एका शब्दाच्या भरवशावर मी क्लासला नाव घातलं.

आमच्याकडे पेटी होतीच. बाबा भजनी मंडळात वाजवायचे, अजूनही वाजवतात, आणि मी आठवीपर्यंत शिकले, प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या आणि मग दहावी नावाच्या राक्षसाने जे सगळ्यांचं गिळलं तेच माझंही गिळलं. पण बोटं विसरत नाहीत म्हणतात. मला वाटलं पेटी आडवी ठेवून वाजवायची ती आता उभी छातीशी धरून वाजवायची, एवढाच फरक. भाता आहे, आत हवेने थरथरणाऱ्या धातूच्या जिभा आहेत, सूर तेच बारा. नवऱ्याला तर मी सांगून ठेवलं होतं की ख्रिसमसपर्यंत मी वाजवायला लागेन. कुठला ख्रिसमस ते सांगितलं नव्हतं हे बरं झालं.

आम्ही राहतो एनिसला, क्लेअर कौंटीत, नोकरी शॅननला. क्लेअर म्हणजे ह्या संगीताचं माहेरघर. दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिलटाऊन मालबे नावाच्या छोट्याशा गावात विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं, १९७३ पासून, आणि तेव्हा त्या गावात पाय ठेवायला जागा नसते, फुटपाथवर लोक फिडल (म्हणजे व्हायोलिनच) घेऊन बसलेले असतात. अशा भागात राहून मी इतकी वर्षं फक्त पाऊस बघितला.

क्लास मंगळवारी संध्याकाळी साडेसातला, शाळेच्या हॉलमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडलेल्या, भिंतीवर पहिली-दुसरीच्या पोरांची चित्रं, आणि एक हीटर जो एकतर बंद असतो नाहीतर भट्टीसारखा तापतो. आम्ही नऊ जण. एक रिटायर झालेला शेतकरी, ज्याची बोटं इतकी जाड की एकाच वेळी दोन बटणं दाबली जायची आणि तो दर वेळी स्वतःच्या बोटांकडे असं बघायचा की जणू ती दुसऱ्या कोणाची आहेत. एक बाई ज्या लहानपणी वाजवायच्या, पंधराव्या वर्षी सोडलं आणि आता चाळीस वर्षांनी परत आल्यात. आणि माझ्या शेजारी नऊ वर्षांचा एक मुलगा. ह्याच्याबद्दल मी फार लिहिणार नाही. दुखरी जागा आहे.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे नावाने हाक मारतात, तो नऊ वर्षांचा पण. मला ते काही केल्या जमत नाही. सत्तरीच्या आहेत हो त्या! मी वाक्यंच अशी बनवते की हाक मारायची वेळ येऊ नये. इथे मी त्यांना बाई म्हणते.

पहिल्या दिवशी त्यांनी एक बटण दाखवलं, म्हणाल्या हे दाबून भाता ओढ. मी ओढला. एक सूर आला. आता तेच बटण दाबलेलं ठेव आणि भाता मिटव. दुसराच सूर आला! मी बटण सोडून परत दाबलं, खाली वाकून बघितलं, बोट सरकलं का म्हणून. बाई हसायला लागल्या. नाही म्हणाल्या, बरोबर आहे, ओढलास तर एक सूर, दाबलास तर दुसरा.

पेटीवर बाबा नेहमी सांगायचे की भात्याकडे लक्षच जाता कामा नये, डावा हात आपला श्वासासारखा चालत राहिला पाहिजे आणि सगळं डोकं उजव्या हातात. पेटीत आत हवा साठवायची सोय असते त्यामुळे डाव्या हाताची लय आणि उजव्या हाताचे सूर ह्यांचा संबंध येत नाही, पांढरी दोन दाबली की पांढरी दोनच वाजणार, मग तुम्ही भाता कसाही मारा. आणि इथे तर भाताच अर्धी गाणी वाजवतो. माझा डावा हात लहानपणी ज्या सवयीने चालायला शिकला होता ती सवय मुळापासून उपटायची होती. शेतकरीबाबांना काहीच येत नव्हतं त्यामुळे त्यांचं काही उपटायचं नव्हतं, ते माझ्या पुढे गेले.

हे नेमकं कसं ते जरा सांगते, कारण मला ते समजायला तीन आठवडे लागले आणि समजल्यावर मी इतकी खूश झाले की घरात धरून धरून सगळ्यांना सांगितलं, आता तुमची पाळी.

आमचा बॉक्स बी-सी पद्धतीचा. बटणांच्या दोन ओळी, बाहेरची ओळ बी म्हणजे आपल्या पांढरी सातची आणि आतली सी म्हणजे पांढरी एकची. दोघींत अर्ध्या सुराचं अंतर, त्यामुळे दोन्ही मिळून बाराच्या बारा सूर होतात. आता गंमत अशी की आयरिश ट्यून जास्त करून वाजतात डी मध्ये नाहीतर जी मध्ये, म्हणजे पांढरी दोन आणि पांढरी पाच. वाद्य ट्यून केलंय बी आणि सी मध्ये आणि वाजवायचंय डी मध्ये. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी असं मी विचारलंच. त्याचं उत्तर पुढे.

तर पांढरी दोन सा धरून सरळ बिलावलचा आरोह करायचा. सा ओढून, आतल्या ओळीत. रे दाबून, आतल्या ओळीत. ग दाबून, पण बाहेरच्या ओळीत. म परत आत येऊन, दाबून. प ओढून, ध ओढून, नी ओढून पण बाहेर जाऊन, वरचा सा परत आत येऊन ओढून. लहान मुलाला पहिल्या दिवशी शिकवतात तो सारेगमपधनीसा! मला वाजवायला सव्वा महिना लागला, आणि तोही हळू, ओठ हलवत, ओढ-दाब-दाब-दाब-ओढ-ओढ-ओढ-ओढ असं पुटपुटत. ट्रॅफिक सिग्नलला थांबले की स्टिअरिंगवर डावा हात आपोआप आत-बाहेर व्हायला लागला.

ह्यात एक जमाखर्च आहे तो बघा. तीन सूर दाबून, पाच ओढून. म्हणजे ट्यून जसजशी पुढे जाते तसतसा भाता उघडत उघडत जातो आणि एका क्षणी हात पूर्ण ताणलेला, पुढे ओढायला जागाच नाही, आणि ट्यूनमध्ये मात्र पुढचा सूर ओढूनच घ्यायचाय. बिचाऱ्याचा गळा दाबल्यासारखा आवाज येतो आणि सगळं थांबतं. पहिले दोन महिने माझ्या सगळ्या ट्यून साधारण पाचव्या बारला, म्हणजे तालाच्या पाचव्या घरात, अशा मेल्या.

ह्यावर दोन उपाय. एक, डाव्या अंगठ्याखाली एक बटण असतं, ते दाबलं की आवाज न होता हवा आतबाहेर जाते, मग दाबून घ्यायच्या सुरांच्या वेळी ते जरासं उघडायचं आणि गुपचूप भाता मिटवून घ्यायचा. चोरून श्वास घेणं म्हणतात गाण्यात, अगदी तेच. दुसरा उपाय जास्त हुशारीचा. आपले रे आणि ध हे दोन सूर दोन्ही ओळींत सापडतात, एकीत दाबून आणि दुसरीत ओढून. म्हणजे ह्या दोन सुरांपुरती तुम्हाला निवड आहे. कधी कुठला घ्यायचा हे ट्यूनच्या पुढच्या चार सुरांवर अवलंबून, म्हणजे बोट आत्ताच्या सुरावर आणि डोकं पुढच्या वळणावर. बाई तो निर्णय घेतात असं दिसतच नाही. त्यांचा भाता एखाद्या वितीत आत-बाहेर होत राहतो, वाजवताना त्या खिडकीबाहेर बघत असतात.

(इथे स्थलांतरित माणसाने एकच बटण आणि दोन सूर ह्यावरून काहीतरी गहिरं लिहायचं असतं. नाही लिहित.)

आता तो द्राविडी प्राणायाम. अकॉर्डियन ह्या नावाचं पेटंट घेतलं सिरिल डेमियन नावाच्या माणसाने, व्हिएन्नात, १८२९ साली. आपल्या पेटीची पॅरिसमधली आई त्यानंतर दहाबारा वर्षांनीच जन्मली, म्हणजे दोघी जवळच्या बहिणी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे जर्मनीत बनलेली एका ओळीची, दहा बटणांची स्वस्त वाद्यं इथल्या खेड्यापाड्यांत पोचली, त्याला मेलोडियन म्हणतात. जोरात वाजायचं, टिकाऊ, हवा दमट असली तरी फार कुरकुर नाही, आणि स्वयंपाकघरात चार जोडपी नाचत असली तरी त्यांच्या पायांच्या आवाजावर ऐकू यायचं. पण त्यात एकाच पट्टीतलं वाजणार. मग दोन ओळींचे बॉक्स आले. सुरुवातीला बरेच लोक मुख्यतः एकाच ओळीवर दाब-ओढ दाब-ओढ करत वाजवायचे, त्याला आपोआप एक झटका येतो, ठसका येतो, नाचायला एकदम मस्त. मग १९५० च्या दशकात टिपररीतल्या नीना गावाजवळचे पॅडी ओब्रायन ह्यांनी बी-सी बॉक्सवर दोन्ही ओळींत आडवं फिरत वाजवायची शैली रूढ केली. दोन ओळींत अर्ध्या सुराचंच अंतर असल्यामुळे लागोपाठचे बरेच सूर भात्याची दिशा न बदलता मिळतात, म्हणून फिडलवर घेतात तशा हरकती बॉक्सवर घेता यायला लागल्या. इथे त्याला रोल म्हणतात. मूळ सूर, वरचा, मूळ, खालचा, मूळ, पाचही एका सुराच्या वेळेत. मला ऐकताक्षणी मुरकी आठवली. ऐकताक्षणी आठवणं आणि बोटातून येणं ह्यात अजून काही वर्षं आहेत.

म्हणजे हा सगळा वाकडा रस्ता त्या मुरकीसाठी. हे कळल्यावर माझं भांडण मिटलं. आपल्याकडच्या माणसाला दागिन्यासाठी त्रास सोसणं समजावून सांगावं लागत नाही.

क्लासमध्ये कागद मिळत नाही. म्हणजे मिळतो, शेवटच्या पाच मिनिटांत, तोही नाइलाजाने दिल्यासारखा, आणि त्यावर फक्त इंग्रजी अक्षरं असतात, डी ई एफ जी, आपल्या वहीतल्या सारेगमसारखी. सुरुवातीला बाई ट्यून अख्खी वाजवतात. मग तोंडाने म्हणतात, डिडल-डी-डी करत, त्याला लिल्टिंग म्हणतात आणि पूर्वी घरात वाद्य नसलं तर लोक ह्याच्यावर नाचायचे. मग दोन-दोन बारचे तुकडे करून आम्ही त्यांच्या मागून. बाई म्हणतात कागदावरून घेतलेली ट्यून कागदावरच राहते. मला हे इतकं ओळखीचं वाटलं की मी क्लासमध्येच हसले. आमच्या पेटीच्या सरांचं पण हेच, वही मिटव आधी.

तालाचं मात्र माझं बरं चाललंय, उगाच खोटी नम्रता नको. इथल्या नाचाच्या चालींचे प्रकार असतात. जिग म्हणजे सहा मात्रा, तीन-तीन, सरळ दादरा. रील म्हणजे केरव्याच्या घरातली. पोल्का दोनाची, स्लिप जिग नऊची पण तीन-तीन-तीन अशी सरळ. नवख्यांना जिग शिकवताना इथे बोल देतात, "रॅशर्स अँड सॉसेजेस, रॅशर्स अँड सॉसेजेस". म्हणजे डुकराच्या मांसाच्या न्याहारीचे दोन पदार्थ, सहा मात्रांत. मी मनात धा धी ना धा ती ना म्हणते. शेजारच्या मुलाला एकदा शिकवलं, त्याने तिसऱ्या आवर्तनाला बरोबर उचललं आणि घरी जाऊन आजीला शिकवलं म्हणे. (झालं, लिहिलंच त्याच्याबद्दल.)

आणि राग! राग नाहीत हो इथे, पण माझ्या कानाला कोण सांगणार. पहिली पोल्का सरळ बिलावलातली होती. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी एक जिग काढली आणि मी दचकले, कारण गंधार कोमल, निषाद कोमल, अख्खा काफी. ते त्याला डोरियन म्हणतात. मग एका रीलमध्ये नुसता निषाद कोमल, म्हणजे खमाज, त्यांचा मिक्सोलिडियन. बाईंना मी क्लास संपल्यावर पार्किंगमध्ये हे सांगायला गेले, फार उत्साहाने, पावसात उभी राहून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लव्हली. आणि जी चं बटण तू अजून उशिरा सोडतेस."

ट्यूनची रचना इतकी साधी की पहिल्यांदा फसायला होतं. आठ बारचा पहिला भाग, तो दोनदा, आठ बारचा दुसरा भाग, तो दोनदा, झाली ट्यून, बत्तीस बार. मिनिटाच्या आत खेळ खलास. म्हणून दोन-तीनदा वाजवतात आणि न थांबता दुसरीत शिरतात, मग तिसरीत. अशा हजारो आहेत. शिकागोचे पोलीस प्रमुख होते फ्रान्सिस ओनील, कॉर्कमधून गेलेले, त्यांनी १९०३ मध्ये १,८५० चाली छापल्या. ह्या गृहस्थांना स्वतःला नोटेशन लिहिता येत नव्हतं! सगळं कानात. त्यांच्याच खात्यातले जेम्स ओनील नावाचे हवालदार लिहून घ्यायचे. पोलीस स्टेशनात गुन्हेगार सोडून जिगची नोंद चाललीय हे दृश्य मला फार आवडतं.

एकाच चालीला चार नावं असतात आणि एका नावाच्या चार चाली. कोणाला नाव माहीत नसलं की रेकॉर्डवर 'गन अनिम' लिहितात, आयरिश भाषेत अनाम. सुरुवातीला मला वाटलं हा कोणी फार मोठा संगीतकार असणार, किती रचना केल्यात ह्याने.

अजून एक गोष्ट पेटीशी जुळते आणि ती जरा कडू आहे. आपल्या पेटीला आकाशवाणीवर १९४० मध्ये बंदी घातली होती, ती उठायला तीस वर्षं लागली. कारण काय तर परदेशी वाद्य, सूर ठोकळेबाज, मींड येत नाही, श्रुती नाहीत. गंमत म्हणजे त्याच काळात देवळांतून, नाटकांतून, भजनांतून सगळा देश पेटीवरच गात होता. बॉक्सवर अशी बंदी कधी नव्हती, पण नाकं मुरडणारे इथेही आहेत. फार कर्कश, बाकीच्यांना दाबून टाकतो, फिडल आणि पाईप्ससारखा सूर वाकत नाही. इलन पाईप्सवादन (ही इथली बॅगपाईप) २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, बॉक्सला कोण नेणार? आणि खरं सांगायचं तर टीका खोटी पण नाही. दोन्ही वाद्यांतला सूर बनवून दिलेला आहे, तुम्ही तो वाकवू शकत नाही. पण म्हणूनच पंगतीत वाढायला जसं मोठं पातेलं लागतं तसं ते लागतं. १९३५ साली इथे सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा करणारा कायदा आला, आधीच चर्चचा दबाव होता, घराघरांतले नाच मागे पडत गेले आणि सगळं मोठ्या हॉलमध्ये गेलं. मोठा हॉल, शंभर नाचणारी माणसं, मग तिथे आवाज कोणाचा पोचणार? केली बँड, म्हणजे नाचासाठी वाजवणारे ताफे, जमले, आमच्या जवळच टुल्ला गाव आहे तिथला बँड १९४६ चा, आणि त्यात बॉक्सचं स्थान पक्कं झालं. नाजूकपणा हा लहान खोलीचा दागिना, असं माझं मत झालंय.

जो कूली ह्यांचं वाजवणं मला बाईंनी ऐकायला सांगितलं. गॉल्वेतल्या पीटर्सवेलचे, टुल्लाच्या बँडमध्ये वाजवलेले, मग बरीच वर्षं अमेरिकेत. शेवटी परत आले. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये गावातल्याच पबमध्ये त्यांचं वाजवणं रेकॉर्ड केलं आणि पुढच्या महिन्यात ते गेले, एकोणपन्नास वर्षांचे. ते बी-सी वाले नव्हेत, जुन्या दाब-ओढीचे. मी हेडफोन लावून बसले ते शैली समजून घ्यायला म्हणून, वही पेन्सिल घेऊन. त्यात लोक मध्येच ओरडतात, पाय आपटतात, आणि मधोमध तो भाता असा काही चाललाय की प्रत्येक वळणावर सुराला धक्का बसतो, खडखडीत रस्त्यावरून बैलगाडी जावी तसा, आणि तरी लय तसूभर हलत नाही. वहीत मी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना परत लावलं आणि शॅननचा फाटा चुकले.

त्यानंतर डाव्या हाताबद्दलचा माझा राग जरा कमी झाला. भात्याची दिशा बदलताना जो बारीकसा तुटकपणा येतो, जो मी दोन महिने लपवायला बघत होते कारण पेटीवर तो दोष मानतात, तोच तर इथे तालाचं हाड आहे. बाई किती वेळा म्हणाल्या होत्या की इतकं गुळगुळीत वाजवू नकोस. मला वाटायचं कौतुक करतायत.

मार्चमध्ये स्लो सेशन होतं. सेशन म्हणजे पबच्या कोपऱ्यात टेबलाभोवती बसून वाजवणं, त्यात स्टेज नाही, श्रोत्यांकडे तोंड पण नाही, वाजवणारे एकमेकांकडे बघत बसतात आणि बाकीचे बिअर पीत गप्पा मारतात. लहानपणापासून मैफलीत चिडीचूप बसायची सवय, त्यामुळे मला हे आधी फार उद्धट वाटलं होतं. आता वाटतं की आपण चुकलो तर बरंय, कोणी ऐकत नाहीये. स्लो म्हणजे आमच्यासारख्यांसाठी, अर्ध्या वेगात. नियम कोणी सांगत नाही पण असतात. येत नसेल ती ट्यून वाजवायची नाही, मांडीवर बॉक्स ठेवून ऐकायचं. चालू ट्यूनमध्ये चाचपडत सूर शोधायचे नाहीत, विशेषतः बॉक्सवाल्यांनी, कारण आपलं चाचपडणं रस्त्यापर्यंत ऐकू जातं.

मी चाळीस मिनिटं ऐकत बसले. मग बाईंनी भुवया उंचावल्या, म्हणजे सुरू कर. माझ्याकडे एकच ट्यून होती, ती काफीतली जिग. पहिला भाग गेला, एकटीचाच, फार वाईट नाही. दुसऱ्यांदा घेताना फिडलवाला आला, बासरीवाला आला, शेतकरीबाबा आले त्यांच्या जाड बोटांनी, आणि सगळे आल्यावर मी इतकी हरखले की अंगठ्याचं बटण विसरले, भाता उघडत गेला, उघडत गेला, आणि दुसऱ्या भागाच्या मध्यावर हात ताणून मी थांबले. ट्यून थांबली नाही. ती चाललीच होती, सहा-सात जणांच्या हातात, मी सुरू केलेली. मी भाता मिटवला, एक आवर्तन जाऊ दिलं आणि परत सुरुवातीला चढले, लोकलमध्ये चढावं तशी. शेवटी शेतकरीबाबा "ग्रँड" म्हणाले. इथे ग्रँड म्हणजे भव्य वगैरे नाही, ठीक आहे, चालतंय.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना वाजवून दाखवलं. आधी त्यांनी बॉक्सच बघितला, फिरवून फिरवून, आत जिभा कसल्या, पितळेच्या का? म्हटलं नाही, ह्यात स्टीलच्या. कशाने बसवल्यात? म्हटलं मेणाने, म्हणून गाडीत उन्हात ठेवायचा नाही. तेवढं ऊन पडतं का तुमच्याकडे, म्हणाले. मग ट्यून ऐकली. परत वाजव म्हणाले. आई मागून म्हणाली छान आहे पण हे संपतं कधी. बाबांनी पेटी ओढली आणि माझ्याबरोबर वाजवायला बघितलं, पण कॉलवर आवाज मागेपुढे पोचतो, मी म वर असताना ते रे वर, दोघं वैतागलो. शेवटी म्हणाले रेकॉर्ड करून पाठव.

पाठवलं. पंधरा मिनिटांत त्यांचं रेकॉर्डिंग परत आलं. जे मला सहा आठवडे लागले ते पंधरा मिनिटांत! आणि नुसतं उचललं नव्हतं, दुसऱ्या भागात कोमल गंधारावर एक बारीक हरकत घालून, आणि शेवटी तिहाई. जिगला तिहाई. खाली मेसेज, "छान आहे. काफीच आहे. बंदिशीचं नाव काय आणि कोणाची?"

मंगळवारी मी बाईंना विचारलं. त्या जरा विचारात पडल्या, म्हणाल्या ही मी शेजारच्या एका माणसाकडून घेतली, मी बारा वर्षांची असताना, तो गवत कापायला यायचा. त्याने कोणाकडून घेतली माहीत नाही. आमच्या घरी आम्ही त्याच्याच नावाने म्हणतो, पण ते काही तिचं नाव नव्हे. मी बाबांचं रेकॉर्डिंग लावून फोन त्यांच्या हातात दिला. सगळा क्लास जमला भोवती. बाईंनी डोळे मिटून ऐकलं, पायाने ताल धरला, तिहाईला एकदम डोळे उघडले आणि परत लाव म्हणाल्या. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांची बोटं मांडीवर चालत होती, त्या हरकतीच्या जागी थांबली, परत चालली.

मग फोन मला परत दिला. "लव्हली वाजवतात. दुसऱ्या भागात घाई करतात."

हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.